खादीला कशाला कॉर्सेट?

१ एप्रिल २०२५ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर व्हिव्हियन वेस्टवुड या ब्रिटिश फॅशन घराण्याचा भारतातला पहिला शो झाला. महाराष्ट्र सरकारचं त्याला सहकार्य होतं. ब्रँडच्या नेहमीच्या कपड्यांसोबत चंदेरी रेशीम आणि खादी वापरून केलेले काही खास पोशाखही त्यात होते. नांदेड जिल्ह्यातल्या हदगावात बसून त्याचे फोटो मी बारकाईने पाहिले, मोठे करकरून पाहिले. कापड देखणं आहे, पण ज्या पद्धतीने ते नटवलंय ती पद्धत मला साफ नापसंत आहे.

आधी जागेबद्दल. हा दरवाजा बांधला पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला त्याची आठवण म्हणून. शेवटची ब्रिटिश पलटण फेब्रुवारी १९४८ मध्ये याच कमानीखालून बोटीत चढली. याच शहरात, परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली होती. म्हणजे तेव्हा विलायती कापड जाळून खादी अंगावर घेतली आणि आता विलायतेनेच खादी शिवून आपल्याला दाखवायला आणली. यात अपमान वगैरे काही नाही. उलट चांगला विनोद आहे, आणि तो हे घराणं उभं करणाऱ्या वेस्टवुडबाईंना नक्की आवडला असता. त्या डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. आता घराण्याची सूत्रं त्यांचे पती आंद्रेआस क्रॉन्थालर यांच्याकडे आहेत.

बाई होत्या मात्र अस्सल. लंडनच्या किंग्ज रोडवरच्या ४३० नंबरच्या दुकानात त्यांनी आणि त्यांचे तेव्हाचे जोडीदार माल्कम मॅक्लॅरेन यांनी सत्तरच्या दशकात पंक पोरापोरींना फाटके टी-शर्ट, साखळ्या आणि सेफ्टी पिना चढवल्या. तिकडे सेफ्टी पीन म्हणजे बंड ठरलं. आमच्याकडे मंगळसूत्राला किंवा बांगडीला पाच-सहा पिना अडकवल्याशिवाय बाई लग्नाला निघत नाही. कोणाची निरी सुटेल, कोणाचा हूक तुटेल, सांगता येत नाही. तेवढ्यावरून हदगावच्या बायका पंक ठरत असतील तर माझी हरकत नाही.

१९८१चा त्यांचा पहिला रॅम्प शो समुद्री चाच्यांवर होता. त्यासाठी त्यांनी जुन्या शतकांतल्या पुरुषी सदऱ्यांची कापणी अभ्यासली. चौकोनी तुकडे, ढगळ बाह्या, अंगावर आपोआप पडणाऱ्या घड्या. तिथे वरून काही चिकटवलेलं नव्हतं, कपड्याची ऐट कापणीतूनच आलेली होती. पुढे १९९० च्या संग्रहात त्यांनी बुशे या फ्रेंच चित्रकाराचं चित्र छापलेली कॉर्सेट आणली. आतून ताठ पट्ट्या घालून कंबर आवळणारी ती चोळी त्या घराण्याची सहीच होऊन बसली. १९९३ मध्ये पॅरिसला नेओमी कॅम्पबेल त्यांचे वीतभर उंच बूट घालून चालताना रॅम्पवरच बसकण मारून पडली. पडली आणि हसली, म्हणून तो फोटो अजून फिरतो. मला मात्र त्यात एक गोष्ट दिसते: बूट माणसापेक्षा मोठे झाले होते.

गेटवेला नेमकं हेच झालं. आवळलेल्या कंबरा, उंच टाचा, अंगाभोवती मुद्दाम वेडावाकडा फिरवलेला घोळ, सगळं त्या घराण्याच्या ठरलेल्या साच्यातलं. एकेकाळी जे अंगावर काटा आणायचं, ते आता संग्रहालयातल्या काचेआडून काढून पुन्हा चालवल्यासारखं वाटतं. त्या साच्यात खादी बसवली की तिचा जीवच जातो. हातानं कातलेल्या सुतात जाड-बारीक असतं. वीण थोडी सैल असते, म्हणून तिच्यातून वारा खेळतो. अंगापासून दोन बोटं लांब राहून पडणं हा या कापडाचा स्वभाव. त्याला आवळलं की ते कुठल्याही गिरणीच्या कापडासारखं दिसतं. मग खादी घेतली कशाला?

आमच्या टेलर मास्तरांना मी हे फोटो दाखवले. चाळीस वर्षं नेहरू शर्ट शिवलेला माणूस. त्यांनी चष्मा वर केला, एका झग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, उरेब झकास कापलाय बगा. पण ह्ये कापड आवळायचं नसतंय, सोडायचं असतंय." फॅशनच्या मासिकांतल्या परीक्षणांत मला याहून नेमकं वाक्य मिळालं नाही.

ब्रिटिश डिझायनरांना भारत जमतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अलेक्झांडर मॅक्वीननं भारत फिरून आल्यावर २००८ मध्ये एक शो केला. झाडावर राहणारी मुलगी खाली उतरते आणि राणी होते, अशी त्याची गोष्ट. पहिल्या भागात काळे, विस्कटलेले कपडे. दुसऱ्या भागात लाल-सोनेरी झगे, मुकुट, भारतीय वळणाचे दागिने. साम्राज्याच्या वैभवाचं ते चित्र मला पचत नाही, कारण ते वैभव कुठून आलं हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिथे डोक्यावरच्या मुकुटापासून पायातल्या चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूला त्या गोष्टीत जागा होती. हे का घातलं, असं विचारलं तर उत्तर मिळत होतं. गेटवेला तोच प्रश्न विचारला तर उत्तर एवढंच: आमच्याकडे असंच घालतात.

नटण्याला कारण असतं हे पाहायला पॅरिसला जावं लागत नाही. हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूरच्या तांड्यांवरची जुनी बंजारा बाई बाजाराला आली की कळतं. आरशांचा फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी, हातभर बलिया म्हणजे बांगड्या, केसांत घुगरी आणि टोपली हे दागिने. एकूण नटवणूक कुठल्याही रॅम्पला लाजवेल एवढी भरगच्च, पण त्यात उगाच घातलेलं काही नाही. घुगरी-टोपली ही लग्न झालेल्या बाईची खूण आहे. नवरा गेला की ती उतरते. ही रीत योग्य की अयोग्य, यावर भांडता येईल आणि भांडावंच. पण अंगावरची वस्तू काय बोलते हे घालणारीला आणि पाहणाऱ्याला, दोघांनाही कळत असतं.

आणि खादी? ती तर आमच्या घरचीच. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा राष्ट्रध्वज नांदेडला तयार होतो, त्याचं कापड लातूर जिल्ह्यात उदगीरला विणलं जातं. ध्वज शिवताना कुणाच्या लहरीला जागा नसते. लांबी-रुंदी तीनास दोन, चक्राला २४ आरे आणि ते दोन्ही बाजूंनी एकमेकांवर तंतोतंत बसलेले, दोरीच्या पट्टीचं कापड वेगळं आणि जाड. सर्वांत लहान ध्वज १५० बाय १०० मिलिमीटर, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२००. सगळं मानकात लिहिलेलं. खादी नुसती सोडली, वाऱ्यावर धरली की कशी दिसते, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं तो मोठा ध्वज पाहावा. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टर आणि यंत्रावरच्या कापडाला परवानगी मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला, तेव्हा पॉलिस्टरचे स्वस्त झेंडे गल्लोगल्ली आले. हातमागाला खरा धक्का तिथे बसला, कुठल्या इंग्रज डिझायनरमुळे नव्हे. हे लिहिल्याशिवाय वेस्टवुडवर टीका करणं मला बरोबर वाटत नाही.

तरीही एक तक्रार उरते. शोच्या बहुतेक बातम्यांत सिनेतारकांची नावं होती, ब्रँडचं होतं, सरकारचं होतं. चंदेरीच्या नावातच निदान तिचं गाव आहे. खादी मात्र नुसती खादीच राहिली, ती कुठल्या गावची हे वाचकाला कळलं नाही. पुढे जूनमध्ये मिलानला प्राडाच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, तेव्हा आपण केवढा गहजब केला. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली ती वस्तू, म्हणून तो गहजब योग्यच होता आणि प्राडाला तिचं मूळ मान्य करावं लागलं. मग आपल्याच सरकारच्या सहकार्यानं, आपल्याच बंदरावर झालेल्या शोबद्दल तोच प्रश्न कुणी विचारला नाही, हे कसं?

म्हणून सरकारला एक विनंती. पुढच्या वेळी अशा शोला हात देताना करारात दोन अटी घाला. प्रत्येक पोशाखाखाली कापड विणलं गेलं त्या गावाचं नाव छापायचं, आणि निदान एक पोशाख असा ठेवायचा ज्याला कैची लागलेली नाही. लुगडं, धोतर, फेटा, काहीही चालेल. तो नेसवायला माणूस हवा असेल तर आमच्याकडून पाठवू.