बुबुळाला लागलेले धसकट

ज्वारीचे पान, पऱ्हाटीचे टोक डोळ्याला लागते. आपण उपरण्याने पुसतो अन् कामाला लागतो. चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. ही बुरशी असू शकते. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असले तर लाली उतरते, बुरशी फोफावते आणि फूल पडते.

हट्टी बुरशीवर लेझर आले म्हणतात. त्यातला एक उपाय लेझर नव्हेच. बुबुळावर रोझ बेंगाल हा गुलाबी रंग टाकून हिरवा उजेड सोडायचा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात त्याच्या चाचण्या झाल्या, पण औषधाची जागा त्याने घेतलेली नाही. अरविंदच्याच २०१३ च्या चाचणीत नाटामायसिनचे थेंब व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले.

चऱ्होलीकराला पुण्याचा नेत्रतज्ज्ञ जवळ आहे. कोरडवाहू तालुक्यात तो कुठून आणायचा? ग्रामीण रुग्णालयात आधी नाटामायसिन ठेवा, बुबुळ खरवडून तपासायची सोय करा. लेझरचे मग पाहू.