‘इरेज डिस्क’ म्हणजे नेमकी कोणती डिस्क?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दुकानात एकच प्रश्न येतोय, "दादा, पीसी चांगला चालतोय की, मग नवा कशाला घेऊ?" बरोबर आहे त्यांचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. बीड, केज, माजलगावच्या झेरॉक्स सेंटरमध्ये आणि फोटो स्टुडिओत त्याहून जुनी मशिनं ढिगानं पडलीत. त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकून द्यायचं, ४ जीबी रॅममध्येही भागतं. कमी भांडवलातला हा धंदा आहे, हे व्हिडिओत सांगितलंच आहे. पण त्यात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय.

२०१९ चा मे महिना. लग्नसराई संपत आली होती. तालुक्यातला एक फोटोग्राफर पीसी घेऊन आला. "दादा, मशीन लई स्लो झालंय. सी उडवा, पण डी ला हात लावू नका." मी म्हटलं, टेन्शन घेऊ नका. विंडोज मी शेकड्यानं टाकलेलं. सी फॉरमॅट मारायचा, डी तसाच राहतो, हे हाताला पाठ झालेलं. लिनक्स मात्र नवीन होतं. इन्स्टॉलरनं विचारलं, ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’? मी ‘हो’ केलं.

आता बघा, विंडोजमध्ये ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं की काय दिसतं? ‘लोकल डिस्क सी’, ‘लोकल डिस्क डी’. म्हणजे विंडोजनं आपल्याला वीस-पंचवीस वर्षं शिकवलं की सी ही एक डिस्क आणि डी ही दुसरी. लिनक्सच्या भाषेत डिस्क म्हणजे आतली अख्खी हार्डडिस्क. सी आणि डी हे तिचे नुसते तुकडे, म्हणजे पार्टिशन. शब्द एकच, अर्थ दोन. खाली इशारा होता, फोटो आणि कागदपत्रं जातील असंही लिहिलं होतं. मला वाटलं, सी मधले जातील. ते तर जायचेच होते.

फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर लावून बरेच फोटो परत आणले. पण त्यात फाईलचं मूळ नाव येत नाही, फोल्डर येत नाहीत. ‘रिकप डीआयआर १’, ‘रिकप डीआयआर २’ अशा पोत्यांत चार लग्नं एकत्र. तो बिचारा चार रात्री माझ्या दुकानात बसून साडीच्या रंगावरून नवऱ्या वेगळ्या करत होता. एका घरची हळद आलीच नाही. मी पैसे घेतले नाहीत, नवीन हार्डडिस्क दिली. तरी पुढची दोन वर्षं त्याच्या गावचं एक गिऱ्हाईक माझ्या पायरीवर चढलं नाही.

चूक माझीच, ती मी कुणावर ढकलत नाही. पण तो स्क्रीनसुद्धा बदलला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

पुसण्याआधी मिंटचा इन्स्टॉलर शेवटची परवानगी मागतो. त्यात काय लिहिलेलं असतं? ‘एससीएसआय१ (०,०,०) (एसडीए) मधलं पार्टिशन #२ ईएक्सटी४ म्हणून फॉरमॅट होईल.’ आपल्याकडं बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. अशा ठिकाणी तुम्ही माणसाला नुसता गट नंबर आणि पोटहिस्सा दाखवून अंगठा मागता. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, रानात ऊस उभा आहे की पडीक, काहीच सांगत नाही! एसडीए म्हणजे गट, एसडीए२ म्हणजे त्यातला पोटहिस्सा, एवढं मी वर्गात समजावतो आणि पोरांना पटकन कळतं. पण कळणं वेगळं आणि पुसण्याच्या क्षणी आपलं रान ओळखणं वेगळं.

जाणकार म्हणतात, सी-डी ही अक्षरं विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात, डिस्कवर नसतात, मग इन्स्टॉलर दाखवणार कुठून? मान्य. पण पार्टिशनला दिलेलं नाव डिस्कवर असतं आणि डिस्क एनक्रिप्ट नसेल तर आतले फोल्डरही वाचता येतात. ‘३०० जीबी, विंडोजचा भाग, आत लग्न २०१९ नावाचा फोल्डर आहे, हे कायमचं जाईल’ असं दाखवायला काय हरकत आहे? आणि पहिला प्रश्न ‘कुठं टाकू?’ असा नको, ‘यातलं काय ठेवायचं?’ असा पाहिजे. गिऱ्हाईक आपल्याला तेच सांगत येतं ना!

नुसतं भाषांतर करूनही भागणार नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषांसकट काढलं, चांगलं केलं. पण ‘माउंट पॉइंट’ला उद्या कुणी ‘आरोहण बिंदू’ म्हटलं तरी झेरॉक्सवाल्याला काय कळणार?

थोडं सोपं झालंय, हे कबूल. उबंटू १७.०४ पासून स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन लागत नाही, साधी फाईल चालते. तरी आम्ही ट्रेनर लोक अजून ‘रॅमच्या दुप्पट स्वॅप काढा’ असं शिकवतो. माझाही तसा एक व्हिडिओ होता, मी तो काढून टाकला.

सगळंच पुसून मोकळं व्हावं म्हणाल, तर टॅली लिनक्सवर थेट चालत नाही आणि पत्रिका छापणाऱ्याला पेजमेकर लागतंच. म्हणून विंडोज ठेवावं लागतं. डेस्कटॉप असेल तर मी पार्टिशनच्या नादालाच लागत नाही. जुन्या हार्डडिस्कची केबल काढतो, २४० जीबीची एसएसडी लावतो, तिच्यावर बिनधास्त ‘इरेज’ करतो आणि मग केबल परत जोडतो. सुरू करताना बूट मेनूतून हवं ते निवडायचं. एसएसडीचा खर्च गिऱ्हाईक देतं, समजावून सांगितलं की कुरकुर करत नाही.

लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असते, तिथं आधी बॅकअप. मग बिटलॉकर चालू आहे का बघायचं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करायचं, जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करायची आणि लिनक्सला ती मोकळी जागाच द्यायची.

आणि मशीन ठेवून घेताना एक चिठ्ठी. त्यावर गिऱ्हाईकाच्या हातानं लिहून घेतो: कोणते फोल्डर ठेवायचे, कुठं आहेत, बॅकअप घेतला का. खाली त्याची सही, माझी सही. मागच्या उन्हाळ्यात तोच फोटोग्राफर लॅपटॉप घेऊन आला. चिठ्ठी वाचून हसला आणि म्हणाला, "दादा, ही तवाच काढायची होती." सही केली आणि बॅकअपची हार्डडिस्क मात्र स्वतःच्या पिशवीत ठेवून घरी घेऊन गेला.