दुकानातला ‘ऑथर’

‘ऑथर’च्या मृत्यूची वार्ता आपण साहित्याच्या वर्गांतून गेली काही दशके देत आलो आहोत. रोलाँ बार्थचा १९६७ सालचा निबंध आणि फूकोचे १९६९ सालचे व्याख्यान यांना वळसा घालून समीक्षेचा अभ्यासक्रम सहसा पुढे जात नाही. कर्ता गेला, संहिता उरली, असे सांगून आपण तास संपवतो. याच काळात ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने हा मेलेला शब्द उचलला आणि आपल्या दुकानात माल ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो पदवीसारखा बहाल केला. एन्व्हाटो हे तिचे नाव. तिच्या वाढीची कथा उद्योजकतेच्या पुस्तकात शोभावी अशी आहे, आणि तशी ती पुष्कळदा सांगितलीही गेली आहे. आम्हाला ती साहित्याच्या विद्यार्थ्या-अध्यापकांपुढे मांडावीशी वाटते, कारण तिच्या मध्यभागी आपल्याच विषयातला एक शब्द बसला आहे आणि त्या शब्दाचा गैरवापर तिथे राजरोस झाला आहे.

२००६ साली सिडनीत कॉलिस आणि सायन तईद हे दांपत्य व त्यांचे सहकारी जुन रुंग यांनी ‘फ्लॅशडेन’ नावाचे संकेतस्थळ काढले. जालावर हलती चित्रे दाखवायची तर तेव्हा फ्लॅश हे तंत्र सर्रास वापरले जाई. त्यातली बटणे, चित्रमालिका, गाणे वाजवण्याच्या खिडक्या असे तयार सुटे भाग इथे थोडक्या डॉलरांत मिळू लागले. एकाने बनवायचे, अनेकांनी विकत घ्यायचे आणि मधला वाटा दुकानाने ठेवायचा, असा हा साधा व्यवहार. २००८मध्ये ‘थीमफॉरेस्ट’ आले, म्हणजे अख्ख्या संकेतस्थळाचे तयार साचे. संगीतासाठी ‘ऑडिओजंगल’, चित्राकृतींसाठी ‘ग्राफिकरिव्हर’, आज्ञावलींसाठी ‘कोडकॅन्यन’, त्रिमित आकृत्यांसाठी ‘थ्रीडीओशन’ अशी भावंडे निघत गेली. (वन, जंगल, नदी, दरी, समुद्र: या भूगोलात माणसाची वस्ती तेवढी नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) वर्डप्रेस जगभर पसरले तसे थीमफॉरेस्टही फोफावले. २०२०च्या अखेरीस फ्लॅश कायमचे बंद पडले, पण तोवर दुकानाला त्याची गरज उरली नव्हती.

या कंपनीच्या पदरी जे पुण्य आहे ते नाकारण्याचे आम्हाला कारण नाही. संस्थापक स्वतः आरेखनाचे काम करणारे होते. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा न घेता त्यांनी हा व्याप उभा केला. एखाद्या लहान शहरातल्या तरुणाला, ज्याला जाहिरात संस्थेच्या दारातही कोणी उभे केले नसते, आपले काम परदेशी गिऱ्हाइकापर्यंत नेण्याची वाट या दुकानाने दिली, आणि त्या वाटेवर भारतातले पुष्कळ लोक चालले. आमचा वाद या वाटेशी नाही. वाटेच्या तोंडाशी जी पाटी लावली होती तिच्याशी आहे.

पाटीवर शब्द होता ‘ऑथर’. विक्रेता, कारागीर, पुरवठादार यांपैकी एकही शब्द कंपनीने निवडला नाही. विक्री वाढेल तसे ‘ऑथर’च्या नावापुढे बिल्ले लागत. त्याने फक्त याच दुकानात माल ठेवण्याचे कबूल केले तर त्याचा वाटा जास्त. एके काळी असा बांधील ‘ऑथर’ विक्रीच्या ५० ते ७० टक्के घेई आणि अन्यत्रही विकणाऱ्याच्या हाती ३३ टक्के पडत. मात्र कृतीची किंमत ठरवण्याचा अधिकार पहिली अनेक वर्षे ‘ऑथर’कडे नव्हताच. कंपनीचे परीक्षक कृती तपासत आणि कंपनीच तिच्यावर किमतीची चिठ्ठी डकवी. किंमत ठरवण्याची मोकळीक पुढे मिळाली, पण ती मिळाली तेव्हा तिचे मोल उतरणीला लागले होते. त्याकडे येतोच.

त्याआधी नावाविषयी. या दुकानातला साचा विकत घेणाऱ्याने कर्त्याचे नाव कुठेही देण्याची अट नसते. तयार झालेल्या संकेतस्थळावर, जाहिरातीत, चित्रफितीत कर्ता अदृश्य असतो, आणि खरे तर याच अदृश्यतेसाठी गिऱ्हाईक पैसे मोजत असते. पण एक नाव मात्र ऐकू येते. ऑडिओजंगलवरचे संगीत पैसे देण्याआधी ऐकायला मिळते तेव्हा त्यावर ठरावीक अंतराने एक आवाज ‘ऑडिओजंगल’ असे पुटपुटतो. तो नमुना तसाच उचलून फुकट वापरणारे जगभर आहेत, त्यामुळे हा आवाज कोणाच्या लग्नाच्या चित्रफितीत, कोणाच्या दुकानाच्या जाहिरातीत मध्येच उमटतो. आपल्याला अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्रा ठाऊक आहे. नामदेवांच्या मुद्रेखाली नंतरच्या किती ‘नाम्यां’नी आपले अभंग घातले याचा हिशेब संशोधक अजून लावत आहेत. म्हणजे मुद्रेची उसनवारी आपल्याला नवी नाही. तिथे निदान एक कवी दुसऱ्याच्या नावाचा आश्रय घेत होता. इथे दुकानाने स्वतःची मुद्रा दुसऱ्याच्या रचनेत घातली आहे, आणि रचनाकाराला ‘ऑथर’ म्हणून गौरवले आहे.

नाव गेले, किंमत ठरवण्याचा हक्क उशिरा आला. तरी एक गोष्ट बराच काळ कर्त्यापाशी शिल्लक होती: प्रती मोजण्याची. आपली कृती कितीदा विकली गेली आणि दर प्रतीमागे किती मिळाले, हे सांगता येत होते. पुस्तकाच्या मानधनाचा हिशेब ज्याने कधी मागितला आहे त्याला या मोजणीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. २०१६ साली कंपनीने ‘एन्व्हाटो एलिमेंट्स’ ही वर्गणी योजना आणली आणि ही मोजणीही अर्थहीन केली.

योजना तेव्हा अशी होती. महिन्याला २९ डॉलर वर्गणी भरा आणि हवे तितके उतरवून घ्या. कंपनीने वर्गणीच्या निव्वळ उत्पन्नातला निम्मा भाग ‘ऑथर’ मंडळींसाठी काढला, आणि प्रत्येक वर्गणीदाराचा तो निम्मा भाग त्याने ज्यांच्या कृती घेतल्या त्यांच्यात वाटायचा असे ठरवले. ऐकताना हे न्याय्य वाटते. आता कर वगैरे बाजूला ठेवून आकडे घालून पाहू. वर्गणीदाराने महिन्यात तुमची एकच कृती घेतली तर तुम्हाला साडेचौदा डॉलर. त्याने त्याच महिन्यात आणखी नव्याण्णव गोष्टी घेतल्या तर त्याच कृतीचे तुम्हाला साडेचौदा सेंट. कृती तीच, श्रम तेच, गिऱ्हाईकही तेच. फरक पडला तो शेजारच्या मालाच्या ढिगाने. आपल्या कामाचे मोल दुसऱ्या कोणाचे काम त्या महिन्यात उचलले गेले यावर ठरते, अशा व्यवस्थेत स्वतः किंमत ठरवण्याची मोकळीक कोणत्या कामाची? आणि ढीग वाढवत राहण्यातच दुकानाचे हित आहे, कारण वर्गणीदाराला ढीग दिसतो म्हणूनच तो वर्गणी भरतो.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे. हे साचे, ही बटणे, ही पार्श्वसंगीताची दोन मिनिटे, हे काय साहित्य आहे? कारागिरीच्या वस्तूंना लेखकाचे हक्क लावता कशाला? हा आक्षेप साहित्याच्या लोकांकडून यावा याचे आम्हाला नवल वाटते. किंडल अनलिमिटेड २०१४ साली सुरू झाले, आणि जुलै २०१५पासून त्यातल्या स्वप्रकाशित लेखकांना सामायिक निधीतून वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळू लागले. कादंबरी आणि संकेतस्थळाचे बटण यांना एकाच तागडीत घालण्याचे काम आम्ही करीत नाही, बाजाराने ते केव्हाच केले आहे. ‘ॲसेट’ हा हिशेबनिसाच्या वहीतला शब्द कलाकृतीला लागला तेव्हाच ते घडले. मराठीत आपण त्याला मालमत्ता म्हणतो, आणि मालमत्ता म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न मनात येतो तो मालक कोण हा.

मालकाला कर्त्याच्या नावाचा असा पुळका येणे इतिहासाला अपरिचित नाही. इंग्लंडमध्ये १६९५ साली परवान्याचा जुना कायदा संपुष्टात आला आणि लंडनच्या पुस्तक व्यापाऱ्यांची मक्तेदारी धोक्यात आली. तेव्हा त्यांनी संसदेपुढे लेखकांचे दारिद्र्य आणि लेखकांची कुटुंबे उभी केली. त्यातून १७१० सालचा राणी ॲनचा कायदा आला. लेखकाला त्याने चौदा वर्षांचा हक्क दिला, आणि लेखक जिवंत असल्यास आणखी चौदा. व्यापाऱ्यांनी तो हक्क लेखकाकडून विकत घेतला आणि पुढची सहा दशके तो कायमचा आपला आहे असा दावा केला. १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात तो फेटाळला. एन्व्हाटोचा ‘ऑथर’ या घराण्यातला आहे.

मे २०२४मध्ये शटरस्टॉकने एन्व्हाटो २४.५ कोटी डॉलरांना विकत घेत असल्याचे जाहीर केले आणि जुलैमध्ये व्यवहार पुरा झाला. शटरस्टॉक न्यूयॉर्कची, २००३ सालची, छायाचित्रांच्या वर्गणीवर वाढलेली कंपनी. जून २०२०मध्ये तिने छायाचित्रकारांचा वाटा १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्यांत बसवला आणि प्रत्येकाला दरवर्षी १ जानेवारीला पुन्हा तळाच्या पायरीवर आणण्याचा नियम केला. दहा वर्षांचा अनुभवी आणि काल आलेला, दोघांचे नववर्ष सारखेच. याच कंपनीने आपला साठा कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना शिकवण्यासाठी देण्याचा धंदा उभा केला. ओपनएआयशी तिचा संबंध २०२१पासूनचा. जुलै २०२३मध्ये दोघांनी आणखी सहा वर्षांचा करार केला. ज्यांच्या कामावर यंत्र शिकले त्यांच्यासाठी एक निधी काढल्याचे ऑक्टोबर २०२२मध्ये सांगण्यात आले. निधी हा शब्दही पाहावा. मोबदला मागता येतो, निधीतून मिळते ते घ्यायचे असते. एन्व्हाटोच्या ‘ऑथर’ मंडळींनी ज्या दुकानात पाऊल ठेवले होते ते दुकान त्यांच्यासकट अशा मालकाच्या हाती गेले, आणि त्या विक्रीवर मत देण्याचा हक्क त्यांच्यापैकी कोणालाही नव्हता.

कराराला संमती दिली होती ना, असे यावर विचारले जाते. दिली होती, पण कशाला? २०१० साली एखाद्याने पार्श्वसंगीताचा तुकडा दुकानात ठेवला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तो तुकडा वापरणारी माणसे होती. तो ऐकून त्याच्यासारखेच हजारो तुकडे काढणारे यंत्र तेव्हा कोणाच्या कल्पनेत होते? या मुद्द्यावर आपल्या देशाच्या कायद्याने एक शहाणपण दाखवलेले आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गीतकार-संगीतकार एकरकमी पैशांवर सर्व हक्क लिहून देत आले होते, आणि पुढे कॅसेट, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनीची धून अशी नवनवी माध्यमे येत गेली तरी त्यांच्या हाती काही पडत नव्हते. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला. २०१२ सालच्या दुरुस्तीने १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या अठराव्या कलमात अशी तरतूद आली की हक्क सोपवताना जे माध्यम वा जी वापराची रीत अस्तित्वात नव्हती, तिचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार तिला लागू होणार नाही. एन्व्हाटोचे करार परदेशी आहेत आणि त्यांत हक्क सोपवलेला नसून परवाना दिलेला असतो, तेव्हा हे कलम तिथे चालणार नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यामागचे तत्त्व सरहद्दीपाशी थांबण्याचे काही कारण नाही.

दुकान असेच असावे लागते का? शटरस्टॉकच्याही आधी, २००० साली, कॅनडात आयस्टॉकफोटो काढणाऱ्या ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी ती कंपनी २००६मध्ये गेटी इमेजेसला पाच कोटी डॉलरांना विकली. पुढे २०१३ साली त्यांनीच काही सहकाऱ्यांसह स्टॉक्सी ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभारली. नेहमीच्या परवान्यावर ५० टक्के आणि विस्तारित परवान्यावर ७५ टक्के वाटा छायाचित्रकाराचा, तो संस्थेचा सभासद आणि त्याला मत. साखर कारखाने आणि दूधसंघ पाहिलेल्या मराठी माणसाला सहकाराचे गुण आणि रोग दोन्ही सांगण्याची गरज नाही. पण एन्व्हाटोच्या विक्रीसारखी विक्री तिथे करायची झाली तर ती आधी सभासदांपुढे न्यावी लागेल, आणि तिथे छायाचित्रकाराला ‘ऑथर’ म्हणत नाहीत.