टाकीच्या तळाला वाळू की खडे?

ईद झाली की मुलांच्या हातात ईदीचे पैसे खुळखुळू लागतात आणि अलीकडे त्यातला बराच वाटा माशांच्या टाकीवर जातो. टाकी, हवेचा पंप, चार गप्पी, दोन गोल्डफिश असे सगळे घेऊन झाले की दुकानदार विचारतो, "खाली काय टाकायचं? वाळू की खडे?" मुले निळ्या-गुलाबी खड्यांच्या पिशवीवर बोट ठेवतात आणि विषय संपतो. आम्हाला वाटते, विषय खरा तिथे सुरू व्हायला हवा. निदान आपल्या श्रीगोंद्यात तरी हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही.

कारण आपले पाणी. बोअरचे किंवा विहिरीचे पाणी तापवून पाहा, भांड्याच्या तळाला थोड्याच दिवसांत पांढरा थर धरतो. हे जड, क्षारांचे पाणी. अशा पाण्याचा पीएच बहुधा ७ च्या वर, ८ च्या आसपास असतो. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते मानवते, उलट आवडते. अडचण दुसरीच आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजले की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दोन रूपांत असतो. एक रूप फारसे बाधत नाही, दुसरे माशाचे कल्ले जाळते. पीएच ७ असताना विषारी रूपाचा वाटा शेकड्याला एकाहूनही कमी असतो. पीएच ८ ला तो जवळजवळ दहापट होतो. म्हणजे मऊ पाण्यात जेवढी घाण मासा सहन करतो, तेवढीच आपल्याकडे त्याला मारू शकते. "काल चांगला होता, आज उलटा तरंगतोय" असे मुले रडत सांगतात, त्यामागे बरेचदा हेच असते. नजर लागलेली नसते.

आता तळाकडे पाहू. खडे म्हणजे तीन ते पाच मिलिमीटरचे दाणे. त्यांच्यामध्ये फटी असतात. मुले दिवसातून पाच वेळा खाणे टाकतात (दादी गुपचूप सहाव्यांदा), ते फटींत उतरते आणि वरून टाकी लख्ख दिसते. नळी घालून खडे ढवळत घाण ओढून काढली तरच ती निघते, आणि हे काम दर आठवड्याला करणारे घर आम्ही तरी क्वचितच पाहिले. वाळूत फटी इतक्या बारीक की घाण वरच राहते. दिसते, म्हणून काढली जाते. घाण दिसणे हाच वाळूचा मोठा गुण, आणि लोक नेमका तोच दोष म्हणून सांगतात!

खड्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. ते धुवायला सोपे, मोटरमध्ये जात नाहीत, आणि खड्यांखाली बसवायची जाळीची गाळणी वापरायची तर वाळू चालतच नाही. त्या गाळणीत पाणी खड्यांतून खाली ओढले जाते आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू अमोनिया पचवतात. युक्ती उत्तम, पण ती विजेवर चालते. वीज चार-सहा तास गेली की खड्यांत पाणी फिरत नाही, तिथला प्राणवायू संपतो आणि तेच उपकारी जिवाणू मरू लागतात. त्यातून एप्रिल-मे महिना. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. आमच्या मते आपल्या गावासाठी ती गाळणी नको. पंपाला जोडायची साधी स्पंजची गाळणी घ्या आणि खाली वाळूचा पातळ थर द्या.

पातळ म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. जाड थर दबून बसला की आत हवा पोहोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू धरतो. आठवड्यातून एकदा स्वच्छ बोटांनी हलकेच ढवळावे.

गोल्डफिश असेल तर वाळूच, कारण तो तळ तोंडात घेऊन चाळतो आणि थुंकतो. मोठा खडा त्याच्या घशात अडकू शकतो. कोरिडोरास तळाशी मिशांनी चाचपडत खाणे शोधतो. टोकदार खड्यांवर त्या मिशा झिजतात. नुसते गप्पी असतील तर त्यांना तळाचे सोयरसुतक नाही. तळ मोकळा ठेवला तरी ते जगतात. जुन्या मशिदींच्या हौदात मासे असतातच. मुंबईच्या जामा मशिदीतल्या जुन्या तलावात मासे आणि कासवेही आहेत, पण तिथले पाणी अफाट आहे, ते बरेच काही पोटात घेते. आपल्या काचेत ५४ लिटर असते.

"वाळू विकत कशाला, घोड आहे, भीमा आहे," असे कोणीतरी म्हणणारच. नदीतून परवान्याशिवाय वाळू उचलणे गुन्हा आहे, आणि या दोन नद्यांचे पात्र आधीच किती खरवडले गेले ते आपण पाहतोच. गरजही नाही. २०२३ च्या वाळू धोरणात सरकारने ब्रासला ६०० रुपये दर लावला होता. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात आपल्या दोन फुटी टाक्या पाचशेच्या वर भरतील. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला तीन सेंटिमीटर थरासाठी साडेपाच लिटर, म्हणजे आठ-नऊ किलो पुरते. बांधकाम चाललेल्या शेजाऱ्याकडे मागा, मात्र ढिगाच्या आतली घ्या. वरची मांजरांची असते.

जुन्या चाळणीने चाळा. मैद्याच्या चाळणीतून खाली पडते ती धूळ टाका, गव्हाच्या चाळणीवर राहते तेही टाका. उरलेल्या मधल्या वाळूवर चमचाभर सिरका टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. गप्पी-मॉलीला ती चालेल, पण पाणी आणखी जड करील, म्हणून दुसरी मिळत असेल तर दुसरीच घ्या. क्रशरची वाळू नको, तिला धार असते. समुद्राची नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मग बादलीत धूत राहा, साबण न लावता, पाणी नितळ दिसेपर्यंत. दहा-पंधरा पाणी लागतात.

टाकी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओता, म्हणजे गढूळ होणार नाही. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ७० किलोच्या आसपास जाते, तेव्हा टाकी टीव्हीच्या डुगडुगत्या टेबलावर ठेवू नका.