दुसऱ्याच्या देवाची जागा

भारतात उपजलेल्या धर्मांनी एकमेकांशी शतकानुशतके कडाक्याचे वाद घातले, परंतु समोरच्याचा देव मुळात नाहीच, असे म्हणण्याची वेळ त्यांनी स्वतःवर क्वचितच येऊ दिली. त्यांनी तो देव मान्य केला, आपल्या विश्वरचनेत त्याला जागा दिली आणि ती जागा नेमकी कोणत्या पायरीवर असावी, हे ठरवण्यात आपली सारी प्रज्ञा पणाला लावली. या रीतीला सरसकट 'समभाव' म्हणण्याची सवय जडली असली तरी तिच्यात आदर जितका आहे तितकाच अधिकारही आहे, कारण घरात कोणाला कोठे बसवायचे हे शेवटी यजमानच ठरवत असतो.

बौद्ध परंपरेत ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसते. वैदिकांचा इंद्र तेथे 'सक्क' या नावाने येतो, बुद्धाला प्रश्न विचारतो आणि त्याचा उपासक होतो. ब्रह्मा सहंपती तर नुकतेच ज्ञान झालेल्या बुद्धाला धर्म सांगण्याची विनंती करतो. हे देव खरे आहेत, दीर्घायुषी आहेत, परंतु कर्माच्या नियमातून आणि मरणातून सुटलेले नाहीत, ही बौद्धांची भूमिका. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात महाभूते कोठे निःशेष होतात, हा प्रश्न घेऊन एक भिक्खू एकेक देवलोक चढत महाब्रह्म्यापर्यंत पोहोचतो. सभेत महाब्रह्मा पुन्हा पुन्हा आपले थोरपणच सांगत राहतो, आणि मग भिक्खूच्या हाताला धरून त्याला बाजूला नेतो व कबूल करतो की याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही. हे देवांसमोर बोलता आले नाही, तेव्हा तू आता बुद्धाकडेच परत जा, असे तो सांगतो. दुसऱ्याच्या सर्वश्रेष्ठ देवाला नाकारण्याऐवजी त्याला बाजूला नेऊन प्रामाणिक करणारी ही कथा भारतीय वादपद्धतीचा एक अस्सल नमुना आहे.

जैनांनी देवांपेक्षा देवांच्या कथाच हाती घेतल्या. त्रेसष्ट शलाकापुरुष, म्हणजे कालचक्राच्या प्रत्येक अर्ध्या भागात ठरावीक संख्येने जन्मणारे थोर पुरुष, ही त्यांची कल्पना. तिच्यात चोवीस तीर्थंकरांबरोबर रामाला बलदेव म्हणून आणि कृष्णाला वासुदेव म्हणून स्थान मिळाले, आणि कृष्ण हा तीर्थंकर नेमिनाथांचा चुलतभाऊ ठरला. मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतात विमलसूरींनी रचलेल्या 'पउमचरिया'त रावणाला दहा तोंडे नाहीत. गळ्यातल्या हारातील रत्नांत त्याचा चेहरा उमटला म्हणून त्याला दशमुख हे नाव पडले. तेथे रावणाचा वध लक्ष्मण करतो, कारण मोक्षाला जाणाऱ्या रामाच्या हातून हिंसा घडणे जैन विचाराला मानवणारे नव्हते. येथे राम लहान झालेला नाही. तो अहिंसेच्या मापाने पुन्हा मोजला गेला आहे.

वैदिक-पौराणिक परंपरेनेही तेच केले. अन्य देवतांना भजणारे अखेर कृष्णालाच भजतात, पण विधीला सोडून, असे गीतेचा नववा अध्याय म्हणतो, आणि या 'पण'मध्ये सगळी उतरंड आली. विष्णुपुराणात विष्णूपासून उत्पन्न झालेला मायामोह असुरांना वेदमार्गापासून ढळवतो, आणि बुद्धाला अवतार म्हणणाऱ्या काही पुराणांचा रोख असाच आहे. महाराष्ट्राने मात्र या अवताराला निराळा जिव्हाळा दिला: संतांनी विटेवरच्या विठ्ठलालाच बौद्धावतार म्हटले, आणि जुन्या पंचांगांवरील दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी अनेकदा विठ्ठलच उभा दिसतो. या जिव्हाळ्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे न मानण्याची आहे. दिलेली जागा नाकारण्याचा हक्क पाहुण्यालाही असतो, हे त्या दिवशी लाखोंच्या समुदायाने उच्चारले, आणि समावेशाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते आधी ऐकले पाहिजे.

शास्त्रांनी पायऱ्या मोजल्या, तेथे लोकांनी नाती जोडली. गोव्यात शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरी माता, या दोघी सात बहिणींपैकी मानल्या जातात. एकीच्या उत्सवाला दुसरीकडून तेल जाते आणि मोगऱ्याची फुले येतात, अशी तिथली परंपरा आहे. बहीण मानल्यावर थोरली-धाकटी एवढाच फरक उरतो, आणि तो कोणाला बोचत नाही. ग्रंथांतल्या सगळ्या उतरंडींपेक्षा ही रीत अधिक शहाणी आहे.

ज्या दिवाळीसाठी हा अंक निघतो, तो सणही एकट्याचा नाही. कोणी लक्ष्मीसाठी दिवा लावतो, कोणी पावापुरी येथे झालेल्या भगवान महावीरांच्या निर्वाणासाठी, तर शीख समाज गुरू हरगोविंदांच्या ग्वाल्हेर किल्ल्यातील सुटकेची आठवण म्हणून. असाच शेजार दगडातही दिसतो: वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगराच्या रांगेत आहेत. त्यांतील बत्तिसावे लेणे 'इंद्रसभा' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर वडाखाली हत्तीवर बसलेली एक मूर्ती आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर, मांडीवर मूल घेऊन बसलेली दुसरी मूर्ती आहे. हत्ती पाहून कोणीतरी पहिलीला इंद्र आणि तिच्या जोडीने दुसरीला इंद्राणी म्हटले, आणि नाव रूढ झाले. प्रत्यक्षात ते जैन परंपरेतील यक्ष सर्वानुभूती आणि यक्षी अंबिका आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला जाणाऱ्या वाचकांनी त्या मजल्यावर थोडे थांबावे आणि बरोबरच्या मुलांना त्या दोघांची ही स्वतःची नावे सांगावीत.