स्कॉटलंडहून आलेला रविवार

अमेरिकेतल्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात तिच्या चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचा व्हिडिओ पाठवला. मंडळी प्रेस्बिटेरियन. सर्वांत पुढे बॅगपाइप वाजवणारा, त्याच्यामागे चौकड्यांचे लोकरी पट्टे हातात धरून चालणारी कुटुंबं, आणि प्रत्येक घराण्याच्या चौकडीचा रंग निराळा. प्रभुभोजनाच्या मेजापाशी ते पट्टे नेले गेले आणि पाळकांनी त्या घराण्यांसाठी आशीर्वाद मागितला. खाली भाचीचा प्रश्न होता : ‘मामा, आजीची नागपूरची मंडळीही स्कॉटिश मिशनचीच होती ना? मग आपण आपला स्कॉटिश वारसा असा का साजरा करत नाही?’ फोनवर दोन ओळींत देण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून आजचा हा लेख.

आधी त्या सोहळ्याविषयी. तो मुळात अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अॅव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक पीटर मार्शल यांनी तो सुरू केला. मार्शल स्वतः स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजचे, पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेले. या सोहळ्यामागे एक लोककथा सांगतात. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडचे लोक हरले आणि ब्रिटिश सरकारने त्यांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली. ती 1782 पर्यंत टिकली. त्या काळात लोक चौकडीची एखादी चिंधी कपड्यात लपवून चर्चला जात आणि आशीर्वादाच्या वेळी तिला हळूच हात लावत, अशी ही कथा. घर सोडून दूर गेलेल्या माणसांना अशा कथेचा आधार वाटतो. त्यांच्या भावनेला मी मनापासून नमस्कार करतो.

पण आपलं नातं वेगळं आहे. स्कॉटिश मिशनमधून उभ्या राहिलेल्या मराठी मंडळ्यांमधली माणसं बाणकोट-हर्णैची, पुण्या-मुंबईची, जालन्याची, नागपूरची. आपल्या अंगात कुठल्याही स्कॉटिश घराण्याचं रक्त नाही आणि कुठल्याही चौकडीवर आपला हक्क नाही. आपल्याला जे मिळालं ते रविवारच्या उपासनेतून मिळालं. त्यामुळे ते शोधायचंही तिथेच.

1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनल्ड मिचेल कोकणात सावित्रीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटला पोहोचले आणि त्याच वर्षी वारले. मागोमाग जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन आले. बाणकोट-हर्णैच्या परिसरात त्यांनी शाळा काढल्या आणि मराठी शिकले. यातल्या जॉन स्टीव्हन्सन यांनी 1833 मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. 1829 च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरले. 1831 मध्ये विल्सन यांनी प्रेस्बिटेरियन रीतीने देशी मंडळी स्थापन केली. पुढच्या वर्षी सुरू झालेली त्यांची शाळा आज चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज म्हणून उभी आहे. मार्गारेटबाईंनी मुलींना शिकवण्याचं काम हाती घेतलं आणि 1835 मध्ये त्या मुंबईतच वारल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा त्यांच्या कामातून आली. स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म नेणाऱ्या संताचं नाव आज मुंबईतल्या मुली आपल्या शाळेचं म्हणून सहज घेतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं जे टिपण जोडलेलं आहे, ते याच विल्सन यांचं. नागपूरला 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप आले. शाळा चालवली, मंडळी बांधली, मध्य भारतातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. 1863 मध्ये एका रात्री ओढ्याच्या पुरात ते बुडून गेले.

माझी आई त्या नागपूरच्या परंपरेतली, तर बाबा नाशिकच्या शरणपूरचे, म्हणजे इंग्रजांच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वळणाचे. त्यामुळे दोन रविवार आमच्या एकाच घरात नांदत. बाबांना छापील प्रार्थनापुस्तक हवं, गुडघे टेकणं हवं, वेदीवर मेणबत्त्या हव्यात. आईच्या लेखी उपासनेचा कणा म्हणजे उपदेश. पाळक कुठला शास्त्रभाग घेतात, तो कसा उलगडतात, घरी येऊन त्यातलं आपल्याला काय सांगता येतं, यावर तिचा रविवार तोलला जाई. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात एल्डर घरी येत. घरातलं भांडण मिटलं का, कुणाशी अबोला आहे का, असं विचारत. एल्डर म्हणजे मंडळीने आपल्यातूनच निवडलेली वडीलधारी माणसं. कुणी शिक्षक, कुणी रेल्वेतला कारकून, कुणी दवाखान्यातला कंपाउंडर. धर्माचा कारभार अशा माणसांच्या हाती असणं हाच स्कॉटिश वारशाचा गाभा आहे. त्यांच्या रचनेत बिशप नाही. पाळक आणि एल्डर एकत्र बसून मंडळी चालवतात.

या गोष्टीसाठी त्या लोकांनी मोठी किंमत मोजली होती. एखाद्या गावच्या मंडळीवर तिथल्या जमीनदाराने आपल्या मर्जीतला पाळक लादावा का, यावरून 18 मे 1843 रोजी एडिंबरामध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगलं. साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर, पगार आणि चर्चची इमारत सोडून फ्री चर्च उभारलं. त्याचे पडसाद मुंबईपर्यंत आले. विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले. त्यांच्या शाळेची नवी इमारत त्याच सुमारास पूर्ण होत आली होती. ती जुन्या चर्चच्या मालकीची, म्हणून सोडून द्यावी लागली आणि भाड्याच्या जागेत पुन्हा सुरुवात झाली. पाळक निवडण्याचा हक्क मंडळीचाच, या एका तत्त्वासाठी हे सगळं झालं. आज आपल्याकडे कितीतरी ठिकाणी चर्चच्या जमिनींचे आणि पदांचे वाद कोर्टात पडून आहेत. विश्वस्तांना हिशेब विचारणारा माणूस मंडळीत नकोसा होतो. अशा वेळी 1843 आठवायला हवं. बॅगपाइपविना आपलं काही अडणार नाही. प्रश्न विचारणारा एल्डर मात्र प्रत्येक मंडळीत हवाच.

वारसा सांगताना त्याची दुखरी बाजूही सांगावी लागते. त्याच 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्या घरात आईवडिलांनी काय सोसलं असेल, याची कल्पना करतानाही जीव कासावीस होतो. श्रद्धेचा मार्ग ज्याने बदलला त्याने धैर्य दाखवलं, आणि ज्यांची मुलं दुरावली त्यांचं दुःखही खरं होतं. ख्रिस्ती मंडळीने या दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणायला शिकलं पाहिजे. नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. बेळगावच्या बाबा पदमनजींचं शिक्षणही मुंबईच्या फ्री चर्चच्या शाळेत झालं. 1857 मध्ये विधवांच्या हालअपेष्टांवर ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे तेच.

आता आपण काय बदललं ते पाहू. स्कॉटिश उपासनेत शतकानुशतकं वाद्य नव्हतं. दाविदाची स्तोत्रं छंदात बांधलेली, 1650 च्या स्तोत्रसंग्रहातली. एकाने ओळ सांगायची आणि सर्वांनी ती उचलायची. फ्री चर्चने वाद्यांना परवानगी दिली ती 1883 मध्ये. नाताळही ते पाळत नसत, कारण शास्त्रात त्याची आज्ञा नाही असं त्यांचं म्हणणं. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 पासूनची आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र पेटी आली, तबला आला, झांज आली, आणि ख्रिस्ती कीर्तनकार वीणा घेऊन उभे राहिले. नाताळात करंज्या-चकल्यांची ताटं घरोघरी फिरू लागली. आईच्या काटेकोर मंडळीतही नाताळच्या गाण्यांच्या फेरीला सारे उत्साहाने निघत. कुणी सांगितलं म्हणून हे झालं नाही. उपदेश, एल्डर, शाळा आणि सर्वांनी मिळून स्तोत्र गाणं एवढं मराठी माणसाने घेतलं आणि बाकीचं आपल्या चालीत बसवलं. जिथे असा बदल केला, तिथेच तो वारसा आपला झाला असं मला वाटतं.

आणि आपण परतही बरंच दिलं. पुण्यात काम केलेले स्कॉटिश पाळक निकोल मॅकनिकोल यांनी 1919 मध्ये मराठी संतांच्या 108 पदांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या रचनांना त्यांनी ‘साम्स’ म्हटलं. स्कॉटिश माणूस दाविदाच्या स्तोत्रांना ज्या नावाने ओळखतो तेच हे नाव, आणि त्यांच्या घरात त्याहून मानाचा शब्द नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा अमेरिकन मिशनमधला, पण त्यांचं एक मराठी गीत मॅकनिकोल यांच्या इंग्रजी भाषांतरातून स्कॉटलंडच्या अधिकृत स्तोत्रसंग्रहात गेलं. तिथल्या मंडळ्यांनी ते आपलं म्हणून गायलं. टिळक तरुणपणी नाशकात शिकले आणि लक्ष्मीबाईंचं माहेर गोदावरीकाठचं जलालपूर. म्हणजे स्कॉटलंडच्या रविवारात आपल्या परिसराचाही एक सूर आहे.

नाशिकने याहूनही मोठं काही दिलं आहे. कॅनडा कॉर्नरवरून शरणपूर रोडला रोज हजारो गाड्या धावतात, पण हे शरण कुणासाठी होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथल्या मिशनमध्ये आणली गेली. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 1864 मध्ये स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपलं छोटं जहाज स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. सोबत चुमा आणि विकटानी ही दोन मुलं होती. त्यांना त्याने विल्सन यांच्या शाळेत ठेवलं आणि 1865 मध्ये विल्सन यांनीच त्यांना बाप्तिस्मा दिला. पुढच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टनने शरणपूरची नऊ मुलं सोबत घेतली. 1872 मध्ये त्याच्या मदतीला आणखी काही जण धाडले गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. मे 1873 मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंगस्टन मरण पावला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग चुमा, वेनराइट, त्यांचा आणखी एक साथीदार सुसी आणि इतर सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणला. अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता. शाळेतल्या वाचन-लेखनाचं इतकं मोठं चीज झालेलं उदाहरण नाशिकच्या इतिहासात मला दुसरं दिसत नाही. आणि तरीही शहरात त्याच्या नावाचा एक चौक नाही.

29 नोव्हेंबर 1970, रविवार. त्या दिवशी नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. बाबांचे बिशप आणि आईचे एल्डर त्या दिवसापासून एकाच छताखाली आले. दुसरा दिवस, 30 नोव्हेंबर, संत आंद्रियाचा. तो स्कॉटलंडचा संरक्षक संत, आणि शरणपूरचं चर्चही त्याच्याच नावाचं. हा योग आपण वापरायला हवा.

भाचीला मी कळवलं आहे ते असं. नोव्हेंबरच्या अखेरीच्या एका रविवारी नाशिकच्या मंडळीने कृतज्ञतेची उपासना करावी. तेविसावं स्तोत्र एकदा वाद्याविना, जुन्या स्कॉटिश चालीत म्हणावं, आणि टिळकांचं गीत पेटी-तबल्यावर. मार्गारेट विल्सन, हिस्लॉप, नारायण शेषाद्री आणि जेकब वेनराइट ही नावं प्रार्थनेत एका रांगेत घ्यावीत. श्रीपतच्या आईवडिलांसाठीही प्रार्थना करावी. मग उपासना संपल्यावर त्याच बाकांवर बसून मंडळीचा वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा आणि ज्याला प्रश्न असेल त्याला तो विचारू द्यावा. ज्या लोकांनी आपल्याला हा रविवार दिला, त्यांचा याहून मोठा सन्मान मला सुचत नाही.