मधल्या वर्षी आलेल्यांचे काय?

पारितोषिक वितरण समारंभ जवळ आला की सूचना फलकावर नियमांचा कागद लागतो. सलग तीन वर्षे याच महाविद्यालयात शिकलेला विद्यार्थीच पदवी परीक्षेच्या गुणवत्ता पदकास पात्र, असा त्यात एक नियम आहे. मी येथे दुसऱ्या वर्षी आलो, म्हणून तो माझ्या डोळ्यांत भरला.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात महाविद्यालय बदलणे ही हौस नव्हे. भाडे परवडेना की ठाण्यातले बिऱ्हाड डोंबिवलीला जाते, डोंबिवलीतले बदलापूरला. गर्दीच्या वेळची लोकल सोसवत नाही म्हणून एखादी मुलगी घराजवळ प्रवेश घेते. महाविद्यालय बदलते, विद्यापीठ मात्र मुंबईचेच राहते.

नियमाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयेच घेतात. एके ठिकाणी गुण देताना हात सैल, तर दुसरीकडे आखडता. तेव्हा बाहेरचे गुण येथल्या गुणांशी कसे ताडायचे, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. परंतु तिसऱ्या वर्षाची लेखी परीक्षा विद्यापीठ घेते आणि तेथे सर्वांपुढे एकच प्रश्नपत्रिका असते. मग त्या वर्षाच्या गुणांवर पदक देण्यास अडचण ती कोणती?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे नियम केले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक त्यामुळे दुसरीकडे नेता येतात; मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे तरी मिळवावे लागतात. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्याचे निम्मे ६०. दुसऱ्या वर्षी आलेला विद्यार्थी येथे सुमारे ८० मिळवतो. जे पदवीला पुरते, ते पदकाला का पुरू नये?

एखाद्या देणगीदाराने स्वतःच अट घातली असेल, तर ती अवश्य पाळावी. 'आदर्श विद्यार्थी' हा मान तीन वर्षांच्या सेवेबद्दल असेल, तर तोही जुन्या विद्यार्थ्यांनाच शोभतो. गुणांचे पदक मात्र गुणांनाच मिळावे. ते मलाच मिळेल, असे मुळीच नाही. वर्गात माझ्याहून हुशार पुष्कळ आहेत. पण शर्यतीत हरणे वेगळे आणि शर्यतीत उभेच न राहू देणे वेगळे.

निम्मे श्रेयांक येथे मिळवणाऱ्यास पात्र धरावे आणि तिसऱ्या वर्षाच्या गुणांवर निवड करावी, एवढीच नम्र सूचना. गुरुजनांनी तिचा विचार करावा.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला